अजरामर पात्रे, थकणारे गळे : कार्टूनच्या ‘मूळ आवाजा’ची दंतकथा (दीर्घ धागा)

१/
५ ऑक्टोबर १९६९ रोजी जपानच्या फुजी टीव्हीवर ‘साझाए-सान’ ही ॲनिमेशन मालिका सुरू झाली. तिची नायिका साझाए ही चोवीस वर्षांची गृहिणी. तिला आवाज देणाऱ्या मिदोरी कातो त्या दिवशी एकोणतीस वर्षांच्या होत्या. साझाए आजही चोवीस वर्षांचीच आहे. कातोबाईंनी वयाची पंच्याऐंशी वर्षे ओलांडली आहेत आणि साझाएचा आवाज आजही त्यांचाच आहे.

२/
गिनेस बुकाने या मालिकेची आणि या कलावतीची विक्रम म्हणून नोंद घेतली आहे. विक्रम थक्क करणारा आहे, यात शंका नाही. परंतु पात्राला वय नसते आणि गळ्याला असते. पात्राच्या चिरतारुण्याची किंमत कोणीतरी चुकवत असतो. ती कोण चुकवतो, हे विक्रमाच्या नोंदीत कधी येत नाही.

३/
या धाग्याचे प्रतिपादन सरळ आहे. एखाद्या पात्राचा ‘मूळ आणि एकमेव आवाज’ ही कल्पना इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. तरीही ती जिवंत राहते, कारण ती निर्मात्यांच्या सोयीची आहे. कलाकाराने मोबदला वाढवून मागितला की तो ‘बदलता येण्याजोगा’ ठरतो. त्याने थांबू म्हटले की तोच ‘अपरिहार्य’ ठरतो. या दुटप्पीपणाला प्रेक्षकांचे प्रेम नकळत हातभार लावते.

४/
प्रथम एक मूलभूत प्रश्न. कार्टूनमधील लहान मुलांचे आवाज बहुधा प्रौढ स्त्रियाच का देतात? कारण मुलाचा आवाज तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास फुटतो. दहा वर्षांच्या नायकासाठी दहा वर्षांचा मुलगा घेतला, तर तीन-चार वर्षांतच नवा शोधावा लागेल. शिवाय मुलांची शाळा असते आणि त्यांना किती वेळ काम करू द्यावे यावर कायद्याची बंधने असतात. स्त्रीचा आवाज तसा फुटत नाही. म्हणून दीर्घ मालिकेचा सारा डोलारा तिच्या गळ्यावर उभारला गेला.

५/
ही परंपरा जुनी आहे. १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झालेल्या ‘ॲस्ट्रो बॉय’मधील यंत्रबालकाला मारी शिमिझु यांनी आवाज दिला. १९८६ पासून ‘ड्रॅगन बॉल’चा गोकू मासाको नोझावा यांचा. १९९२ पासून ‘शिन-चॅन’ अकिको याजिमा यांचा. १९९६ पासून ‘डिटेक्टिव्ह कोनान’ मिनामी ताकायामा यांचा. अमेरिकेत ‘द सिम्पसन्स’मधील दहा वर्षांचा बार्ट नॅन्सी कार्टराइट यांचा. पडद्यावर मुलगा आणि मायक्रोफोनपुढे स्त्री, ही या उद्योगाची मूळ घडण आहे.

६/
या घडणीने मुलाचा आवाज फुटण्याची अडचण सोडवली. म्हातारपणाची सोडवली नाही. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या स्वरतंतूंना जाडी येते आणि आवाज खाली उतरतो. पुरुषांचे उलट होते: उतारवयात स्वरतंतू पातळ होतात आणि आवाज किंचित वर चढतो. श्वासाचा पुरवठा दोघांचाही घटतो. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाचा उंच, खोडकर स्वर काढण्याचे काम ज्या स्त्रीकडे आहे, तिचे शरीर दरवर्षी तिला विरुद्ध दिशेला ओढते. ऐकणाऱ्याला ‘तोच आवाज’ हवा असतो. तो तसाच काढण्याचे कष्ट मात्र दरवर्षी वाढत जातात.

७/
आता मोबदल्याचा इतिहास पाहू. डिस्नेच्या १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये नायिकेचा आवाज ॲड्रियाना कॅसेलॉटी यांचा होता, पडद्यावर त्यांचे नाव आले नाही. बग्ज बनीचा आवाज देणारे मेल ब्लँक यांनी निर्माते लिऑन श्लेसिंगर यांच्याकडे पगारवाढ मागितली. ती मिळाली नाही. त्याऐवजी पडद्यावर नाव देण्याचे ठरले, असे ब्लँक स्वतः सांगत. पैशाच्या बदल्यात नाव. आणि तेवढेही त्या काळी इतर आवाज-कलाकारांना सहसा मिळत नसे.

८/
‘द सिम्पसन्स’ मालिका डिसेंबर १९८९ मध्ये सुरू झाली. १९९८ मध्ये मुख्य सहा कलाकारांना एका भागाचे सुमारे ३०,००० डॉलर मिळत होते. त्यांनी वाढ मागितली, तेव्हा त्यांच्या जागी दुसरे कलाकार शोधण्याची तयारी चालू असल्याच्या बातम्या आल्या. अखेर आकडा सुमारे १,२५,००० डॉलरपर्यंत गेला. २००४ आणि २००८ मध्ये पुन्हा वाटाघाटी झाल्या, पुन्हा काम थांबले. २०११ मध्ये फॉक्सने मोठी वेतनकपात मागितली आणि ती न स्वीकारल्यास मालिकाच बंद होईल, असे जाहीर केले. कलाकारांनी कपात स्वीकारली.

९/
हे कलाकार गरीब नव्हेत, हा आक्षेप येथे हमखास घेतला जातो. तो खराही आहे. पण मुद्दा संपत्तीचा नाही, तर्काचा आहे. १९९८ मध्ये जे आवाज बाजारात सहज मिळतील असे वाटत होते, ते आज, कलाकार साठी-सत्तरी-ऐंशीच्या घरात असताना, अचानक अतुलनीय कसे ठरतात? मार्जला आवाज देणाऱ्या ज्यूली कॅव्हनर यांचा जन्म १९५० चा. त्यांचा स्वर आता अधिक घोगरा आणि जड झाला आहे. त्यावर समाजमाध्यमांवर थट्टा होते. त्यांनी मार्ज सोडली असती, तर याच लोकांनी ‘मालिकेचा आत्मा गेला’ म्हणून शोक केला असता.

१०/
जपानमध्ये चित्र वेगळे, पण अधिक सुखाचे नाही. तेथे आवाज-कलाकारांचा मोबदला त्यांच्या श्रेणीवरून ठरतो. नवख्या कलाकाराला अर्ध्या तासाच्या भागामागे १५,००० येन मिळतात, मग संवाद एक असो वा शंभर. ही चौकटही फुकट मिळालेली नाही. १९७३ मध्ये जपानी आवाज-कलाकारांनी मोबदल्यासाठी संप केला आणि रस्त्यावर मोर्चा काढला, त्यानंतर दर वाढले. ज्यांचे चेहरे कोणी ओळखत नव्हते, त्यांना आपले अस्तित्व सांगण्यासाठी आधी चेहरा दाखवावा लागला.

११/
आता ‘मूळ आवाजा’च्या दंतकथेकडे. डोरेमॉनचा मूळ आवाज कोणाचा, असे विचारले तर जाणकार चाहता तत्काळ उत्तर देतो: नोबुयो ओयामा. हे उत्तर चूक आहे. डोरेमॉन पहिल्यांदा दूरचित्रवाणीवर आला तो १९७९ मध्ये नव्हे, १९७३ मध्ये, निप्पॉन टेलिव्हिजन या दुसऱ्याच वाहिनीवर. ती मालिका सहा महिने चालली. तीत डोरेमॉनचा पहिला आवाज कोसेई तोमिता या पुरुष कलाकाराचा होता.

१२/
गंमत पुढे आहे. मालिकेच्या मध्यावर तोमिता यांची जागा मासाको नोझावा यांनी घेतली. होय, पुढे गोकू झालेल्या त्याच नोझावा. त्या मालिकेत दांडगट जियानचा आवाज होता कानेता किमोत्सुकी यांचा. १९७९ च्या मालिकेत तेच किमोत्सुकी जियानच्या सावलीत वावरणाऱ्या सुनिओचा आवाज झाले आणि पुढे सव्वीस वर्षे सुनिओच राहिले. आणि ओयामा? ‘साझाए-सान’ सुरू झाली तेव्हा साझाएचा धाकटा भाऊ कात्सुओ पहिले काही महिने त्यांच्याच आवाजात बोलत होता. ज्यांना ‘मूळ’ म्हणून पुजले जाते, ते सारेच कोणाच्या तरी जागी आलेले किंवा कोणाला तरी जागा करून दिलेले आहेत.

१३/
या दंतकथेचा आणखी एक पुरावा महाराष्ट्रातील घराघरांत आहे. २००५ पासून डोरेमॉन भारतात हिंदीतून दिसू लागला. त्या हिंदी डोरेमॉनमागे सोनल कौशल यांचा आवाज होता, आणि त्यांनी हे काम सुरू केले तेव्हा त्या स्वतःच लहान होत्या. पुण्या-नागपुरात, सोलापूर-कोल्हापुरात शाळेतून आल्यावर दप्तर फेकून टीव्हीसमोर बसणाऱ्या पिढीने ओयामांचा आवाज ऐकलेलाच नाही. तिच्या कानांत डोरेमॉन म्हणून जो बसला आहे, तो या हिंदी कलावतीचा. मराठी घरांतील कित्येक मुलांचे हिंदी याच मालिकांवर पोसले गेले.

१४/
म्हणजे ‘खरा आवाज’ हा बहुधा ऐकणाऱ्याच्या बालपणात जो होता तो. टोकियोतील चाळिशीच्या माणसाला ओयामा खऱ्या वाटतात, तेथील शाळकरी मुलाला वासाबी मिझुता, नाशिकच्या पंचविशीतील तरुणाला सोनल कौशल. तिघांचेही प्रेम खरे आहे. पण कोणाचे बालपण म्हणजे पात्राचा आत्मा नव्हे, आणि त्या बालपणाचे जतन करण्याची जबाबदारी सत्तरी ओलांडलेल्या कलाकारावर टाकण्याचा हक्क कोणालाही नाही. आपल्याकडे तर हिंदी डबिंग कलाकारांची नावे पडद्यावर बहुधा दिसतही नसत. ज्यांच्या आवाजावर इतका जीव जडला, त्यांची नावे किती जणांना माहीत होती?

१५/
याच डोरेमॉनने सन्मानाने निरोप घेण्याचा मार्गही दाखवला. २००१ मध्ये ओयामांना कर्करोगाने गाठले. त्या बऱ्या होऊन परतल्या, परंतु प्रश्न उभा राहिला होता. पाचही मुख्य कलाकार एकत्रच बदलले जातील, असे २००४ मध्ये जाहीर झाले. १८ मार्च २००५ रोजी जुन्या संचाचा शेवटचा भाग प्रक्षेपित झाला. १५ एप्रिलपासून नवा संच आला. ओयामा तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. नव्या जियानसाठी निवडलेला सुबारू किमुरा अवघा चौदा वर्षांचा होता.

१६/
त्या वेळी टीका झालीच. आवाज ‘तो’ नाही, हसणे ‘तसे’ नाही, ही तक्रार वर्षानुवर्षे चालली. आज मिझुता यांना डोरेमॉन होऊन वीस वर्षे उलटली आहेत. या शतकात जन्मलेल्या जपानी मुलांना दुसरा डोरेमॉन ठाऊकच नाही. मालिका मेली नाही; दरवर्षी येणारे चित्रपटही थांबले नाहीत. ‘आवाज बदलला की सारे संपले’ असे सांगणाऱ्यांना इतिहासाने दिलेले हे उत्तर आहे.

१७/
आणि या निर्णयाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची. ओयामांना स्मृतिभ्रंश झाल्याचे २०१५ मध्ये त्यांच्या पतीने जाहीर केले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. जुने जियान काझुया तातेकाबे २०१५ मध्ये गेले, किमोत्सुकी २०१६ मध्ये. ही माणसे शेवटच्या दिवसापर्यंत मायक्रोफोनपुढे उभी नव्हती. आपापली पात्रे त्यांनी जिवंतपणी दुसऱ्याच्या हाती सोपवली होती, आणि आपला वारस घडताना पाहण्याइतके आयुष्य त्यांना मिळाले होते.

१८/
याच्या शेजारी ‘साझाए-सान’ ठेवून पाहावी. घरातील वडील नामिहेई यांना आवाज देणारे इचिरो नागाई जानेवारी २०१४ मध्ये कामानिमित्त हिरोशिमाला गेले असता तेथील हॉटेलात निवर्तले, वय ८२. आईचा आवाज असलेल्या मियोको आसो २०१५ मध्ये ऐंशीच्या घराच्या अगदी शेवटी निवृत्त झाल्या. तीन वर्षांच्या ताराचा आवाज ताकाको सासुगा यांनी १९६९ पासून दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांच्यानंतर पहिल्या दिवसापासूनच्या मुख्य कलाकारांत एकट्या कातो उरल्या. नागाई आणि सासुगा यांची पदे रिकामी झाली ती मृत्यूने. हा विक्रम खरा, पण ही व्यवस्था नव्हे.

१९/
निरोपाचे आणखी काही नमुने इतिहासात आहेत. शिन-चॅनच्या अकिको याजिमा यांनी २०१८ मध्ये, सव्वीस वर्षांनंतर, पद स्वतः सोडले. पात्राचा आवाज ‘तयार करण्या’कडेच सारे लक्ष लागते आणि अभिनय सहज येत नाही, असे कारण त्यांनी दिले. तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या. एवढा प्रामाणिक आत्मपरीक्षणाचा दाखला कोणत्याही कलेत क्वचितच मिळेल. २०२४ मध्ये पामेला हेडन यांनी पस्तीस वर्षांनंतर ‘सिम्पसन्स’मधील मिलहाउस सोडला. त्याच मालिकेने मार्सिया वॉलेस यांच्या २०१३ मधील निधनानंतर एडना क्रॅबॅपल हे पात्रच निवृत्त केले. वारस नेमणे हा सन्मान आहे, पात्र मिटवणे हाही सन्मान आहे. दोन्हींत माणूस गेल्याचे मान्य केलेले असते.

२०/
आज एक तिसरा मार्ग सुचवला जातो: यंत्र. कलाकाराचा आवाज साठवावा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तो अखंड बोलवून घ्यावा. डार्थ व्हेडरचा आवाज असलेले जेम्स अर्ल जोन्स यांनी हयातीत संमती दिली होती आणि २०२२ च्या मालिकेत त्यांचा आवाज यंत्राने घडवला गेला. जोन्स २०२४ मध्ये गेले. २०२५ मध्ये एका व्हिडिओ गेममध्ये तोच यंत्रनिर्मित आवाज वापरला गेला, तेव्हा अमेरिकन कलाकारांच्या संघटनेने तक्रार दाखल केली. आक्षेप असा की संघटनेशी बोलणी न करताच माणसाचे काम यंत्राला देण्यात आले.

२१/
जपानमध्ये २०२४ मध्ये आवाज-कलाकारांनी विनापरवाना यंत्रनिर्मित आवाजांविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी आओनी प्रॉडक्शन या संस्थेने नोझावांसह काही कलाकारांचे आवाज यंत्रासाठी देण्याचा करार केला. पण ॲनिमेशनमधील अभिनय आणि डबिंग त्यातून वगळले. ही रेघ विचारपूर्वक ओढलेली आहे. दिशा सांगणे, सूचना देणे यंत्राला जमेल. पात्र साकारणे हा अभिनय आहे, आणि त्याला अभिनेता लागतो. मेलेल्या कलाकाराचा आवाज यंत्रातून काढणे म्हणजे ‘मूळ आवाजा’ची दंतकथा अखेरपर्यंत ताणणे. त्यात म्हाताऱ्या कलाकाराला विश्रांती मिळत नाही आणि तरुण कलाकाराला काम मिळत नाही.

२२/
एक गंभीर आक्षेप उरतो. अनेक वृद्ध कलाकारांना काम करायचेच असते. त्यांना वयावरून बाजूला सारणे हा अन्याय नव्हे का? आहे. कातो किंवा नोझावा यांना कोणी थांबवावे, असे या धाग्याचे म्हणणे नाही. अभिनेत्याने ऐंशीव्या वर्षीही रंगमंचावर उभे राहावे आणि पाहणाऱ्याने त्याचे वय पाहूनच दाद द्यावी. आवाज-कलाकाराला नेमके हेच नाकारले जाते. त्याने काम करावे, पण म्हातारे होऊ नये. राहायचे तर काल होता तसाच राहा, ही अट अमानुष आहे.

२३/
म्हणून मागण्या दोन दिशांनी हव्यात. निर्मात्यांकडे: पडद्यावर नाव, पुनःप्रक्षेपणाचा वाटा, वारस निवडताना जुन्या कलाकाराचे मत, आणि लेखी, मुदतबंद संमतीशिवाय आवाजाची यांत्रिक नक्कल नाही. प्रेक्षकांकडे: आवाज जड झाला तर थट्टा नको, आवाज बदलला तर नव्या कलाकाराला शिव्या नकोत. दुसरी मागणी अधिक अवघड आहे, कारण तीत आपलेच बालपण सोडून देण्याची तयारी लागते.

२४/
चौदाव्या वर्षी जियान झालेला सुबारू किमुरा आता पस्तिशीत आहे. १९७९ पासूनचे जियान तातेकाबे त्याच्या निवडीनंतर दहा वर्षे हयात होते. एके दिवशी किमुराचाही गळा थकेल आणि आज दूध पिणारे एखादे मूल त्याची जागा घेईल. त्या दिवशी टोकियोत आणि कदाचित साताऱ्यातही कोणीतरी लिहील की ‘खरा जियान गेला’. ते वाक्य लिहिण्यापूर्वी त्याने १९७३ चा जियान कोण होता, एवढे तरी शोधून पाहावे.

(धागा समाप्त)